एकांताचे देणे

माणसाने अधूनमधून सर्व पाश बाजूला सारून एकटे राहावे, असे ज्ञानी माणसे फार प्राचीन काळापासून सांगत आली आहेत. हा उपदेश ऐकायला गोड वाटतो आणि मनाला पटतोही. परंतु उपदेश करणारे एका साध्या प्रश्नाला सहसा हात घालत नाहीत. आपण एकांतात जाऊन बसलो, तर आपल्या वाट्याचे काम त्या वेळी कोण करतो? संन्याशाच्या झोळीत पडणारी भाकरी कोणीतरी धुरात बसून थापलेली असते. गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न अगदी अनपेक्षितपणे आमच्यापुढे उभा राहिला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी आणि तिच्यातून जे थोडेबहुत उमगले ते त्यांच्या विचारार्थ मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरी आमची वृद्ध आई आहे. तिचे वय ८४. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून ती पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून तिचे सारे अंथरुणातच. तिला कुशीवर वळवणे, अंग पुसणे, पेज भरवणे, रात्री दोन-तीन वेळा उठून पाहणे, हा आमच्या घरचा नित्यक्रम झाला आहे. 'आमच्या घरचा' असे आम्ही सहज लिहून गेलो. परंतु त्यातील बहुतेक काम आमची पत्नीच करते, हे येथेच कबूल केलेले बरे. आम्ही औषधे आणतो, डॉक्टरांना बोलावतो आणि चिंता करतो. चिंता करणे हेही एक कामच आहे अशी पुरुषांची प्रामाणिक समजूत असते. त्या समजुतीनुसार जुलै महिन्यापर्यंत आम्ही फारच थकलो होतो. कोणाशी बोलू नये, कोणी हाक मारू नये, असे वाटू लागले होते. ते ओळखून पत्नीच एके दिवशी म्हणाली, ''तुम्ही दोन-तीन दिवस कुठेतरी जाऊन या. इथलं मी बघते.'' आम्ही एकदाच नाही म्हटले. दुसऱ्यांदा नाही म्हणण्याचा धीर झाला नाही.

गुरुवारी पहाटे आम्ही एकटेच गाडी घेऊन वसईहून निघालो. तानसा आणि वैतरणा या दोन नद्या ओलांडून मनोरला हमरस्ता सोडला आणि विक्रमगडमार्गे जव्हारच्या दिशेने वळलो. पाऊस सारखा कोसळत होता. काचेवरचे पाणी पुसले जाई आणि पुन्हा भरून येई. हमरस्त्यावरच्या मालमोटारींचा गदारोळ मागे पडला तसे दोन्ही बाजूंना साग, डोंगराच्या कुशीतली भातखाचरे आणि वळणावळणांवर रस्त्यावर उड्या टाकणारे ओहळ दिसू लागले. एकट्याने गाडी चालवण्यात एक विलक्षण सुख असते. कोणाशी बोलायचे नसते, कोणासाठी थांबायचे नसते. मनात आले तर घाटाच्या कडेला गाडी उभी करून धुक्याकडे पाहत बसावे. असे आम्ही दोनदा केले. घर सोडून तीन तासही झाले नव्हते, पण आई आणि तिचे अंथरूण कुठल्या दूर देशी राहिले आहे असे वाटत होते.

जव्हारच्या पुढे एका पाड्याजवळ एका शेतकरी गृहस्थांनी आपल्या कौलारू घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. तेथे आम्ही उतरलो. दुसरे पाहुणे नव्हते. पुढे पडवी, पडवीपुढे अंगण आणि अंगणाच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली खाचरे. दुपारी नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि उडदाची आमटी असे जेवण मिळाले. कौलांवरच्या पावसाखेरीज दुसरा आवाज नव्हता. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते सारे येथे होते.

आणि तरीही त्या पहिल्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पास्काल या फ्रेंच तत्त्वचिंतकाने सतराव्या शतकात असे निरीक्षण नोंदवले आहे की, माणसाच्या दुःखाचे मूळ त्याला खोलीत एकट्याने शांत बसता येत नाही यात आहे. त्याच्याही पुष्कळ आधी रोमचा सेनेका आपल्या मित्राला पत्रातून समजावीत होता की, प्रवासाने मनाचे ओझे हलके होत नाही, कारण प्रवासी स्वतःला बरोबर घेऊनच निघालेला असतो. या दोघांचेही म्हणणे आम्हाला त्या रात्री पुरेपूर पटले. दोन वाजण्याच्या सुमारास आम्ही दचकून उठलो. आईला कुशीवर वळवण्याची ती वेळ. येथे वळवायला कोणी नव्हते. तेथे मात्र त्याच क्षणी कोणीतरी उठले असेल, दिवा लावला असेल, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत खुर्ची टाकून आम्ही चहा घेत बसलो, तेव्हा खालच्या खाचरात भाताची लावणी सुरू झाली होती. एका कोपऱ्यात बैलांची जोडी चिखलणी करीत होती. सात-आठ बाया गुडघाभर चिखलात ओळीने वाकून उभ्या होत्या. डोक्यापासून कमरेपर्यंत इरली. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सुट्या करायच्या, चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरकायचे. लावणीत माणूस पुढे जात नाही, मागे मागे जातो. जे झाले ते त्याच्या डोळ्यांसमोर हिरवे होत राहते. दुरून हे दृश्य अतिशय सुंदर दिसते. आमच्या मनात चित्राची उपमाही येऊन गेली. मग लक्षात आले की अर्धा तास झाला तरी त्यांतील एकही बाई सरळ उभी राहिलेली नाही, आणि हातातला चहा एकाएकी बेचव लागू लागला.

घरधनी जवळच होते. आम्ही मजुरीची चौकशी केली. त्यांनी काहीही न लपवता आकडा सांगितला. आम्ही मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या दोन रात्रींच्या भाड्यात त्यांतील एका बाईची आठ-दहा दिवसांची मजुरी बसत होती. ''मीही थोडी रोपे लावू का?'' असे आम्ही विचारले. ते हसले आणि म्हणाले, ''साहेब, तुम्ही पाहुणे. बसा निवांत.'' त्यांच्या बोलण्यात आदरच होता, परंतु त्यात एक सत्यही होते. आमच्या हातची रोपे त्यांना पुन्हा उपटून लावावी लागली असती.

येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहवत नाही. आम्ही वसईकर मूळचे वाडीवाले. आमचे आजोबा बावखलाच्या काठी केळी आणि पानवेली लावीत. मातीत हात घालणे हा त्यांचा विरंगुळा नव्हता, ते त्यांचे जगणे होते. त्यांच्या नातवांनी वाड्या विकल्या, तेथे इमारती उभ्या राहिल्या आणि आता आम्ही मातीचा वास घेण्यासाठी पैसे मोजून जव्हारला जातो. त्याच जव्हार-मोखाड्यातील आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपली की, दिवाळीनंतर मुलाबाळांसह वसई, भिवंडीकडे उतरतात. वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर पावसाळ्यापर्यंत राबतात. १९९२ साली वावर-वांगणी येथील कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे या भागाचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या कानी गेले होते. आषाढ-श्रावण हे गरिबाच्या घरात कणगीचा तळ दिसण्याचे दिवस असतात. म्हणजे आमच्या डोळ्यांना जे दिवस सर्वांत हिरवे, तेच त्यांच्या चुलीला सर्वांत कठीण. आम्ही त्यांच्या मुलखात विश्रांतीसाठी जातो. ते आमच्या मुलखात कष्टांसाठी येतात. रस्ता तोच, नद्याही त्याच. ओझी तेवढी निराळी.

मग अशा ठिकाणी विश्रांतीला जाणे हेच चूक म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. कृषिपर्यटनाची कल्पना महाराष्ट्रात २००५ साली बारामतीच्या परिसरात आकाराला आली आणि २०२० साली राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. त्यामागचा हेतू शेतकऱ्याला शेतीला जोडून चार पैसे मिळावेत हा आहे आणि तो योग्यच आहे. आमच्या यजमानांनी पाहुण्यांच्या पैशांतून मुलीला शिकवले होते, आणि लावणीच्या मजुरीतही त्याच पैशांचा काही वाटा होता. आम्ही तेथे न गेल्याने कोणाचीही पाठ सरळ झाली नसती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे असे सांगितले आहे, आणि त्याच नियमावलीत मठवासीयांनी रोज ठरावीक वेळ हातांनी श्रम करावेत असेही बजावले आहे. पाहुण्याला विसावा आणि घरच्याला श्रम, अशी ही कायमची वाटणी नव्हे. आज जो पाहुणा आहे तो उद्या कोणाचा तरी यजमान होईल, हे त्यात गृहीत आहे. विसावा घेणे हा दोष नाही. विसावा नेहमी आपणच घ्यावा आणि श्रम नेहमी दुसऱ्याने करावेत, हा दोष आहे. या विचाराशी आम्ही शुक्रवारी रात्री येऊन पोहोचलो आणि बुद्धीचे समाधान झाल्यामुळे गाढ झोपलो.

परंतु बुद्धीचे समाधान म्हणजे सर्वस्व नव्हे, हे शनिवारी सकाळी कळले. परतीला निघालो तेव्हा रात्रीच्या पावसाने पाड्याबाहेरचा कच्चा रस्ता खचला होता. मोरीजवळ गाडीचे मागचे चाक चिखलात रुतले. जोर लावावा तसे ते अधिकच खोल जाऊ लागले. आम्ही छत्री उघडून उभे राहिलो. कोणालाही हाक मारली नाही. दोन दिवस त्यांच्याकडे नुसते पाहत बसल्यानंतर आता हाक कोणत्या तोंडाने मारावी, असे वाटत होते. पण हाक मारावीच लागली नाही. खालच्या खाचरातून पाच-सहा बाया आणि दोन पुरुष आपण होऊन वर आले. हातातल्या मुठी त्यांनी बांधावर ठेवल्या. कोणी दगड आणले, कोणी फांद्या तोडून चाकाखाली घातल्या. सर्वांनी मागून रेटा दिला आणि गाडी वर आली. हे सारे होताना त्यांच्या अंगावर चिखल उडाला आणि आमच्या अंगावर थेंबही नाही, कारण आम्ही सुकाणूवर बसलो होतो.

आम्ही पैसे पुढे केले. कोणी घेईना. त्यांच्यात एक म्हातारी होती. आमच्या आईहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. तिने गाडीत डोकावून मागची रिकामी जागा पाहिली आणि विचारले, ''एकटाच आलास? घरी कोणी नाय का तुला?''

''आहेत, सर्व आहेत,'' असे आम्ही म्हणालो. ती थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिली. घरी सर्व असताना माणूस भर पावसात एकटाच का हिंडतो, हे कोडे तिला उलगडले नसावे. मग तिने इरले सारखे केले आणि ती खाचरात उतरली.

परतीच्या वाटेवर त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. आमच्या लेखी एकटे असणे ही चैन होती. तिच्या लेखी ती आपत्ती होती. जो एकटा, त्याला कोणी नाही; आणि ज्याला कोणी नाही, त्याची विचारपूस करावी, इतका सरळ तिचा व्यवहार. आपल्या भाषेत यासाठी 'एकांत' आणि 'एकटेपणा' असे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच. एकांत माणूस निवडतो. एकटेपणा त्याच्यावर लादला जातो. एकांतातून परत येण्यासाठी घर असते. एकटेपणात घरच नसते, किंवा घर असून दार वाजत नाही. एकांत सुखाचा वाटतो तो मागे कोणीतरी आपली वाट पाहत आहे म्हणून. ते वाट पाहणारे माणूस काढून घ्या, तीच पडवी, तेच धुके आणि तोच पाऊस किती भयाण वाटेल!

आपल्या धर्मग्रामातील घरे डोळ्यांपुढे आणून पाहा. मुले आखातात, कॅनडात किंवा मुंबईच्या दुसऱ्या टोकाला. आणि येथे तीन खोल्यांत एक म्हातारी व एक दूरदर्शन संच. रविवारी मिस्साला ती सर्वांत आधी येते आणि सर्वांत शेवटी जाते, कारण पुढच्या रविवारपर्यंत तिच्याशी बोलणारे कोणी नसते. तिला शांतता विकत घ्यावी लागत नाही. ती तिच्या उशाशी बसलेली असते. आम्ही ज्या वस्तूसाठी घाट चढून गेलो, तिचे या घरांत नको तितके साठे पडले आहेत. आणि ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्या घरातल्या सेवा करणाऱ्या बाईला त्या शांततेचा एक तासही मिळत नाही. एकांताची वाटणी जगात धान्याइतकीच विषम आहे.

तिसऱ्या आज्ञेचा मजकूर या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. निर्गमाच्या ग्रंथात विसाव्याच्या दिवशी कोणी काम करू नये याची यादी दिली आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा. अनुवादाच्या ग्रंथात तीच आज्ञा सांगताना बैल आणि गाढव यांचाही उल्लेख येतो, आणि तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असे कारणही दिले आहे. म्हणजे ही आज्ञा केवळ विसावा घेण्याची नाही, ती विसावा देण्याची आहे. या यादीत पत्नीचे नाव मात्र नाही. अभ्यासक सांगतात की 'तू' या शब्दात तिचा समावेश आहे, आणि तसे असेलही. पण आमच्यासारख्या घरांत ती अजून त्या 'तू'मध्ये आलेली नाही. बैलाला बेंदराची सुट्टी मिळते. आजाऱ्याची सेवा करणारीला ती मिळाल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही.

प्रभू येशूलाही एकांत प्रिय होता, याचे दाखले शुभवर्तमानांत जागोजागी आहेत. मार्कच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग मात्र विशेष आहे. प्रेषित थकले होते, त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने त्यांना निर्जन स्थळी विसाव्यासाठी बोलावले आणि ते मचव्यातून निघाले. पण लोक पायी धावत त्यांच्या आधीच तेथे पोहोचले. प्रभूने त्या गर्दीला हाकलले नाही. त्याला तिचा कळवळा आला. त्याने शिकवले, सर्वांना जेवू घातले, आणि त्यानंतर तो एकटाच प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. या क्रमात आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे वाटते. एकांताची गरज खरी आहे. ती नाकारलेली नाही. परंतु एकांतावर आपली मालकी नाही. तो आपल्याला मिळतो तेव्हा कोणाच्या तरी कष्टांतून मिळतो, आणि जे कोणाकडून तरी मिळाले ते फेडावे लागते. भाडे भरल्याने खोलीचे पैसे फिटतात, एकांताचे देणे फिटत नाही.

शनिवारी दुपारी घरी पोहोचलो. पत्नीने पहिला प्रश्न विचारला, ''झोप लागली का?'' आम्ही म्हणालो, ''आता तू जा.'' ती हसली. ''एकटी जाऊन मी काय करू?'' इतक्या वर्षांत तिला कोणी असे विचारलेच नव्हते, म्हणून उत्तरही तयार नव्हते. ऑगस्टमध्ये ती आपल्या बहिणीकडे चार दिवस राहून आली. त्या चार रात्री आईला कुशीवर वळवण्याचे काम आम्ही केले. पहिल्या रात्री ते नीट जमले नाही आणि आईने ते बोलूनही दाखवले. तिसऱ्या रात्री तिने आमचा हात हातात घेऊन विचारले, ''ती बरी आहे ना तिकडे?'' आम्ही म्हटले, ''हो, निवांत आहे.'' ''बरं झालं,'' आई म्हणाली. बाहेर पाऊस पडत होता. घरात दुसरा आवाज नव्हता. जव्हारच्या पडवीत जी शांतता शोधायला आम्ही गेलो होतो, ती आईच्या अंथरुणाशेजारी बसल्या बसल्या आम्हाला भेटली.

आता आमच्या घरी दर महिन्याला दोन दिवस पत्नीचे असतात. त्या दिवसांत ती कोठे जाते, काय करते, हे आम्ही विचारत नाही. कधी ती कोठेच जात नाही, वरच्या खोलीचे दार लावून बसते. वाचकहो, आपल्याही घरात असे कोणीतरी असेल, ज्याच्या जागरणावर आपली झोप उभी आहे. त्याला एकदा विचारून पाहावे. पहिल्यांदा ते हसेल. तेव्हा दुसऱ्यांदा विचारावे.